पंक्चरच्या दुकानावरची पाखरं

माझी कोंबडी घारीनं उचलली, तेव्हा मी अंगणात उभी राहून घारीला शिव्या देत होते. शेजारचे गुरुजी वही घेऊन धावत आले. वाटलं, माणूस चार बरे शब्द बोलेल. त्यांनी विचारलं, "आक्का, घार कोणत्या झाडावरून आल्ती?"

"गुरुजी, माझी अंड्यावरची कोंबडी गेली!"

"ते लिहिलं मी. झाड सांगा."

असा हा माणूस. शहागडच्या शाळेत पोरांना पाढे शिकवले आणि शाळा सुटल्यावर गोदावरीच्या काठानं पाखरं मोजली. कोणतं पाखरू, किती, कुठं, कोणत्या दिवशी, सगळं वहीत. "अंदाज नको, जागा सांगा," हे त्यांचं पालुपद. लग्नाच्या पंगतीत कोणी म्हणालं की नदीवर लई बगळे आलेत, की यांचा भाताचा हात पेन्सिलीकडं. "लई म्हणजे किती?" लोक त्यांना बघून वाट बदलायचे. मीही बदलली आहे, खोटं कशाला बोलू.

ते रिटायर झाले, गुडघे गेले, आणि मग औरंगाबादहून एक मॅडम आल्या. त्या ठिकठिकाणच्या पाखरांच्या, झाडांच्या नोंदी कॉम्प्युटरात भरत होत्या. पुढं कोणालाही बसल्या जागी कळावं, कुठं काय होतं. गुरुजींनी एकोणीस वह्या नव्या उपरण्यात बांधून दिल्या.

दोन महिन्यांनी मॅडम नकाशा घेऊन आल्या, चेहरा उतरलेला. कॉम्प्युटरला फक्त गावाचं नाव कळलं होतं. त्यानं गुरुजींची सगळी पाखरं एकाच ठिपक्यावर बसवली होती. आणि तो ठिपका पडला होता हायवेला, पंक्चरच्या दुकानावर.

"चक्रवाक? पंक्चरच्या दुकानावर?" गुरुजींनी नकाशा ओढून घेतला. "अहो, मी जागा लिहिल्यात!"

लिहिल्या होत्या, पण कशा? 'येसूच्या आईची बाभूळ.' 'म्हैस बुडाली तिथं.' 'वरचा घाट.'

मॅडम म्हणाल्या, "सर, या जागा कुठल्याच नकाशावर नाहीत. नेमकी जागा नसेल तर आमचे साहेब सगळ्या नोंदी बाद करणार. त्या वापरायच्या तरी कशा?"

गुरुजी आपल्या गुडघ्यांकडं बघत बसले. मला राग आला. कोणाचा, ते माहीत नाही.

"उठा मॅडम," मी म्हणाले. "मी चौथी शिकलेली हाय, पण त्या काठाला शेळ्या मीच चारल्यात. अन् ती म्हैस माझ्या दिराची होती."

तीन दिवस आम्ही फिरलो. मॅडमच्या हातात छोटं यंत्र होतं. जागेवर उभं राहिलं की ते त्या जागेचे आकडे दाखवायचं. बाभूळ तोडली होती, बुंधा सापडला. संध्याकाळी गुरुजी ओट्यावर बसून एकेका जागेची हजेरी घ्यायचे. एक जागा मला काही केल्या आठवेना. मी म्हणाले, "टाका जवळपास कुठंबी. कोण बघायला येऊन राह्यलंय?"

"आक्का!" गुरुजी असे ओरडले की दावणीची शेळी दचकली. "सापडली न्हाई, असं लिहा. खोट्या जागेवर पाखरू बसवायचं न्हाई."

पुढच्या महिन्यात मॅडम हसतच आल्या. साहेबांनी नोंदी घेतल्या होत्या. मी 'सुटले बाई' म्हणून पाय पसरून बसले. नव्या नकाशात ठिपके नदीकाठानं पसरले होते. पंक्चरच्या दुकानावर एक कावळासुद्धा उरला नव्हता.

फक्त वरच्या घाटावर ठिपक्यांचा ढीग होता. मॅडम खूश होत्या. "सर, इथं पक्ष्यांना खाणं भरपूर असणार. साहेब इथं खास अभ्यास करायचा म्हणतात."

गुरुजींनी त्या ढिगावर बोट ठेवलं. म्हणाले, "तिथं पाखरं जास्त न्हाईत मॅडम. मी जास्त जायचो. रोज संध्याकाळी. ते लिहा, न्हाईतर लोक फसतील."

"रोज? का बरं?"

गुरुजी चष्मा पुसायला लागले. काचा स्वच्छ झाल्या तरी पुसत राहिले. शेवटी मीच सांगितलं, "बायकोला तिथं अग्नी दिला त्यांनी. लग्नाला तीन वर्षं झाल्ती."

मॅडमनी पेन काढलं, लिहिलं आणि हळू आवाजात वाचून दाखवलं: "या जागी पाहणारा रोज येत असे, म्हणून नोंदी जास्त आहेत."

गुरुजींनी पुन्हा एकदा वाचायला लावलं.

"बराबर," ते म्हणाले.