एकेचाळीस लाल ठिपके

आमच्या घराण्यात नोंद चुकत नाही! माझे सासरे हणमंतराव कालव्याच्या पाण्याची पातळी लिहीत. यजमान उत्तमराव रेल्वे कारखान्यात डब्यांच्या दुरुस्तीची वही ठेवीत. चिरंजीव अरुण फौजेतल्या गाड्यांचे लॉगबुक सांभाळून जयपुरात निवृत्त झाला. आणि नातू प्रसन्न येथल्याच एका कंपनीत विमाने तपासून त्यांची कागदपत्रे पुरी करतो. चार पिढ्यांत गहाळ झाले ते एकच पान, उत्तमरावांच्या वहीतले. त्यावर मी, नव्या नवरीने, चकल्या निथळत ठेवल्या होत्या! त्यांची बढती दोन वर्षे लांबली. पण माझे नाव त्यांनी ओठांबाहेर काढले नाही. ते ऋण बावन्न वर्षे माझ्या डोक्यावर आहे.

असो. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी प्रसन्न भरदुपारी मानसरोवर वसाहतीतल्या आमच्या घरी परतला. चेहरा शिळ्या भाकरीसारखा!

"काय झाले?"

"काही नाही, आजी. उद्या चौकशी आहे. लायसन्स जाईल बहुतेक."

खोदून विचारले तेव्हा उलगडा झाला. एका विमानाची तपासणी पूर्ण करून त्याने एकेचाळीस कार्डांवर सह्या केल्या होत्या. कार्डे यंत्रात घातली की संगणक ती वाचतो. कोपऱ्यातल्या चौकटीत लाल खूण म्हणजे काम अपुरे, असा तिथला नियम. आणि खूण निघाली एकेचाळीसही कार्डांवर! संगणकाच्या मते त्या विमानाला चाके नव्हती, शेपूट नव्हते, चहाचा बंबसुद्धा नव्हता! उड्डाण रद्द झाले. दीडशे प्रवासी कांद्याच्या कचोऱ्या खात बसून राहिले.

"हा घातपात आहे!" मी गर्जले.

"आजी, मतलब... जाऊ दे ना."

त्याने नजर चुकवली. मी काय ते ओळखले. पोरगा कोणाला तरी पाठीशी घालत होता!

कोणाला? परेशला! विद्याधर नगरचा हा परेश प्रसन्नच्या शेजारच्या टेबलावर बसतो. खंडेनवमीला त्यांच्या कार्यालयात अवजारांची पूजा झाली, तिचा मान वडीलधारी म्हणून मला मिळाला होता. त्या वेळी या गृहस्थाने प्रसन्नच्या बढतीची तीनदा चौकशी केली आणि माझ्या हातच्या दोन करंज्या खाऊन तिसरी रुमालात बांधली. जो करंजी लपवतो, तो काय करणार नाही?

दुसऱ्या दिवशी नारायणपेठ नेसून, पोथी वाचायचे भिंग घेऊन मी थेट चौकशीच्या खोलीत शिरले.

"अरे, दादीजी, आप?" परेश ताडकन उठला. त्या उठण्यातच अपराध दिसला!

"बसा! पळू नका!"

नोंदी तपासणाऱ्या अधिकारी मधुमतीबाई मूळच्या सांगलीच्या. त्या नम्रपणे म्हणाल्या, "आजी, आत चौकशी चालू आहे."

"म्हणूनच आले!" मी टेबलावरच्या कार्डांवर भिंग धरले. "या ठिपक्यांवर बोट उमटले आहे. बोट ज्याचे, गुन्हेगार तो! आधी या परेशचे बोट तपासा!"

परेशने बिचाऱ्याने दहाही बोटे पुढे केली. मग पहिल्या कार्डावर वाकून त्याने नाक लावले.

"मॅडमजी, इसमें तो हल्दी की खुशबू है।" नखाने त्याने काहीतरी खरवडले. "और ये चावल!"

चावल कसले! ती अक्षत होती.

सर्वांच्या नजरा माझ्या अनामिकेवर येऊन थांबल्या. नखात कुंकू होतेच.

मला सगळे आठवले. पाने, पकडी, बॅटऱ्या सर्वांना हळदकुंकू-अक्षता लावून झाल्यावर टेबलावर कार्डांचा गठ्ठा दिसला होता. अवजारे पूजायची आणि नोंदी उपाशी ठेवायच्या? मी प्रत्येक कार्डाला लावले. नेमके चौकटीत! आमच्या घराण्यात अर्धवट काम करत नाहीत.

"तुला ठाऊक होते?" मी प्रसन्नला विचारले.

"पहिलं कार्ड बघताच कळलं."

"मग बोलला का नाहीस, गाढवा?"

"आजोबा तरी कुठे बोलले होते?"

भिंगाची काच एकाएकी धुरकट झाली.

"याचे लायसन्स?" मी मधुमतीबाईंना विचारले.

"कार्डं उघडी टाकली म्हणून ताकीद मिळेल. लायसन्स वाचेल. पण इथे चूक खोडून चालत नाही, आजी. ज्याने केली त्याने शेजारी कारण लिहून सही करायची. प्रत्येक कार्डावर."

मी पेन उचलले. 'हा ठिपका पूजेच्या कुंकवाचा असून माझा आहे. मंदाकिनी उत्तमराव.'

"दादीजी, अगला," म्हणत परेश एकेक कार्ड पुढे सरकवत होता. ती तिसरी करंजी त्याने आपल्या आईसाठी नेली होती, हे मला सतराव्या कार्डाला कळले. अठराव्याला मी त्याची क्षमा मागितली. तिसाव्याला बोटे आखडली.

एकेचाळिसावी सही झाली तेव्हा मनात म्हटले, उत्तमराव, आपले देणे फिटले. पण एका पानापायी एकेचाळीस कार्डे? व्याज अंमळ जास्तच लावलेत!