टाकी नेमकी कुणाची

“कुणाची घाण कुठे जाते हे शोधण्यातच माझी हयात गेली, ताई. तू निर्धास्त राहा,” मावशीने छातीठोक सांगितलं. पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत तिचा दरारा होता. घरात मात्र तिला कुत्रं विचारत नसे.

ताई आणि शेजारीण यांची विहीर सामाईक. विहिरीच्या पाण्यात मावशीला संडासातले जंतू सापडले होते. आता दोघींपैकी कुणाच्या संडासाची टाकी पाझरते, एवढंच कळायचं होतं. जंतू काही आडनाव सांगत नाहीत.

ताईला तपासाची गरजच नव्हती. “त्यांचीच गळतेय. असल्या घरात मी मुलगी देणार नाही.”

झाली पंचाईत. भाचीचं लग्न शेजारणीच्याच मुलाशी ठरत आलेलं. तिने मावशीला जिन्यात गाठलं. “मावशी, काहीही कर, पण त्यांची टाकी धड निघू दे.”

“मी असले निकाल लावून देत नाही.”

“मग मी जन्मभर तुझ्याकडे राहायला येते.”

मावशीला घाम फुटला.

मावशीचा तपासाचा बेत सोपा होता. शेजारणीच्या संडासात निरुपद्रवी हिरवी पूड टाकायची. विहीर हिरवी झाली, की टाकी त्यांची. पूडही अशी जहांबाज, की चिमूटभर टाकली तर तळं रंगावं.

मावशी सहज म्हणून शेजारणीकडे गेली आणि चहा व्हायच्या आत पोट धरून संडासात शिरली. बाटलीचं झाकण काही केल्या निघेना. दातांनी ओढलं, तेव्हा निघालं ते असं, की अर्धी पूड भांड्यात आणि अर्धी मावशीच्या कोपरापर्यंत.

“बरं आहे ना हो?” बाहेरून शेजारीण. “औषध देऊ का?”

“नको, नको. मोकळं वाटतंय आता.”

हात पाठीमागे लपवून, चहा न घेताच मावशी ताईकडे पळाली. तिथे संडास-न्हाणीघर एकत्रच होतं; त्यात कोंडून घेऊन तिने साबण, घासणी, कपड्यांचा ब्रश, सगळं वापरलं. तरी नखं पोपटाची ती पोपटाचीच राहिली.

दोन दिवसांनी विहीर अशी हिरवीगार झाली, की बेडकांनी लाजावं.

“बघा,” ताईने कुंपणावरून शेजारणीला हाक मारली, “तुमच्या टाकीचे प्रताप.”

शेजारणीने शांतपणे विहिरीत डोकावून पाहिलं. “आमची टाकी? ती तर गेल्या वर्षीच बुजवली. आमचं सगळं रस्त्यावरच्या गटाराच्या लाइनीला जातं. खणताना धूळ उडते म्हणून तुम्हीच भांडला नव्हतात का?”

“ते तर फरशीचं काम होतं.”

“फरशी नंतर घातली. आधी पाइप.”

ताईचा चेहरा उतरला. “मग हे हिरवं आलं कुठून?”

भाचीने मावशीची बोटं वर उचलून दाखवली.

“पूड त्यांच्याकडे टाकली,” मावशी पुटपुटली. “हात मात्र तुझ्याकडे धुतले, ताई.”

भाची ओठ दाबून हसू आवरत होती. शेजारीण मोठ्या मनाने आभाळाकडे बघत होती. ताईने एकदा विहिरीकडे पाहिलं, एकदा मुलीकडे, मग घसा खाकरला.

“विहीणबाई,” ती म्हणाली, “तो तुमचा पाइप टाकणारा माणूस कुठे राहतो हो?”