सासूबाई खुर्चीत, जावई फोरमवर

"आई, इंटरनेटवर सापडत नाही असं जगात काही नाही. शोधणारा पाहिजे!" असं म्हणत डॉक्टरांनी पायाने पेडल दाबलं आणि दाताच्या खुर्चीसकट सासूबाईंना वर घेतलं.

जावई दातांचा डॉक्टर असूनही सासूबाई इतकी वर्षं इमानेइतबारे दुसऱ्याच डॉक्टरकडे जायच्या. आज त्या हसत घरी गेल्या, तर सगळ्या मावश्या आणि आत्या आपापल्या दाढा घेऊन मागोमाग येणार होत्या. नाही गेल्या, तर सासरी तोंड दाखवायची सोय नव्हती!

चाकांच्या स्टुलावर बसून डॉक्टरांनी दाढ साफ केली. खुर्ची खाली आणायचं बटण दाबलं, पण खुर्ची ढिम्म! वीज बंद-चालू करून झाली. सासूबाई डोकं खाली, पाय वर अशा तिथेच. त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. उडी मारा म्हणायची कुणाची छाती?

"काय झालं, जावईबापू?"

"काही नाही, आई. आत्ता विचारतो!"

स्टुलावरून न उठताच त्यांनी मोबाइल काढला आणि दंतवैद्यांच्या फोरमवर 'खुर्ची' शोधलं. हजारो चर्चा! खुर्चीचा रंग, खुर्चीचं कव्हर, खुर्चीमुळे पाठदुखी. वैतागून त्यांनी स्वतःच नवी चर्चा उघडली. मथळा दिला, 'मदत!!! तातडीने!!!'

बऱ्याच वेळाने एक उत्तर आलं. 'कसली?'

"काय लिहिलंत ते वाचा बघू," वरून हुकूम आला. सासूबाईंचा जन्म ग्रंथपाल म्हणून गेलेला. मथळा ऐकून त्या उताण्या पडल्या जागीच कडाडल्या, "अहो, असं पुस्तक मागायला आला असतात, तर दारातूनच परत पाठवलं असतं! मॉडेल कुठलं, काय होतंय, काय करून बघितलं? आधी तेवढेच शब्द टाकून शोधा. तुमच्याआधी कुणीतरी लटकलं असेलच की!"

मॉडेलचा नंबर टाकताच हजारोंमधून मोजून एक चर्चा उरली. हुबेहूब हाच बिघाड! डॉक्टर थक्क झाले. अधाशासारखे शेवटपर्यंत गेले. शेवटी प्रश्नकर्त्याने लिहिलं होतं, 'झालं हो! धन्यवाद!' कसं झालं, त्याचा पत्ता नाही.

"मेला!" सासूबाई म्हणाल्या. "चला, आता नीट मथळा घ्या." आणि त्यांनी वरून सांगितला. मॉडेलचा नंबर, खुर्ची सर्वांत वर अडकली, बटण दाबूनही खाली येत नाही, वीज बंद-चालू केली, रुग्ण वरच. डॉक्टरांनी शेवटी स्वतःच्या मनाने जोडलं, 'रुग्ण सासूबाई'.

"ते कशाला?"

"तातडी कळावी म्हणून!"

आणि काय सांगावं! उत्तरांचा नुसता पाऊस! कुणी फ्यूजचा फोटो पाठवला, कुणा निवृत्त डॉक्टरांनी माळ्यावर चढून जुनं माहितीपुस्तक काढलं. एकजण तर रुग्णाच्या तोंडात एक हात ठेवून दुसऱ्याने टाइप करत होता, वर त्या रुग्णाचंही मत कळवत होता! ना ओळख ना पाळख, आणि एका सासूबाईंसाठी एवढी माणसं! डॉक्टरांचा ऊर भरून आला.

तेवढ्यात कुणीतरी विचारलं, 'डॉक्टर, तुम्ही आत्ता कशावर बसलायत?'

डॉक्टरांनी खाली पाहिलं. खुर्ची वर नेणाऱ्या पेडलवर स्टुलाचं चाक चढलेलं, आणि स्टुलावर ते स्वतः!

स्टूल गुपचूप सरकवलं, बटण दाबलं. सासूबाई अलगद जमिनीवर आल्या.

"काय होतं?"

"तांत्रिक बिघाड," डॉक्टर पुटपुटले.

"मग सविस्तर लिहा. 'झालं हो' म्हणून पळायचं नाही!"

त्या डॉक्टरांच्या खांद्याशी उभ्या राहिल्या. डॉक्टरांनी चाकापासून पेडलपर्यंत सगळं लिहिलं. वाचून सासूबाई इतक्या हसल्या, की तशाच हसत घरी गेल्या.

मावश्या आल्या, आत्या आल्या, दाढा आल्या. सगळ्या ती चर्चा वाचून आलेल्या! कारण फोरमवाल्यांनी 'मथळा असा असावा' म्हणून डॉक्टरांच्या पूर्ण नावासकट ती पानावर सर्वांत वर लावून ठेवली आहे. आणि काही केल्या ती खाली येत नाही.