घोड्याजवळचा जावई

पुरणाचे धोंडे अजून वाफेवरच होते, म्हणून महादेवराव जावयाला मुलाचा कम्प्युटर दाखवायला घेऊन गेले. पुढचं सगळं रामायण त्यातून झालं. अधिक महिना, बाहेर पंचेचाळीस डिग्री ऊन, लेक-जावई सकाळच्या गाडीने वर्ध्याहून नंदनवन वस्तीत आलेले आणि जेवणाला अजून अर्धा तास अवकाश. अर्धा तास जावयाशी बोलायचं काय, हा प्रश्न भल्याभल्या सासऱ्यांना सुटलेला नाही. ऊन, रस्ते आणि वर्ध्याचं पाणी हे तिन्ही विषय चहाबरोबरच संपले होते.

महादेवरावांचा मुलगा सुशील एका सरकारी कचेरीत कारकून होता. त्याला कम्प्युटर गेम खेळण्याचा नाद नव्हता, बदलण्याचा होता. याला मॉडिंग म्हणतात. म्हणजे परदेशात कोणीतरी राजे, किल्ले आणि लढाया घालून गेम बनवायचा आणि सुशीलने नंदनवनात बसून त्यातल्या लोकांना धोतरं नेसवायची. दोन वर्षांत त्याने राजवाड्यात गाद्या-लोड आणले, मेजवानीत रोडगे आणि वांग्याची भाजी आणली, आणि गोऱ्या चेहऱ्यांच्या जागी घरची माणसं बसवली. चेहरे तो बहिणीच्या, म्हणजे श्वेताच्या, लग्नाच्या अल्बममधून घेत असे. राजा म्हणून त्याने वडिलांना बसवलं होतं. त्या दिवसापासून 'हा दिवसभर डबड्यासमोर बसून राहते' ही तक्रार घरात कोणी ऐकली नाही.

"हे पाहा जवाईबापू, हा मी," महादेवराव पडद्यावर बोट ठेवून म्हणाले. "अन् ही बाजूले तुमची सासू. कशी ऐटीत बसली, पाहा."

"छान आहे," मोहित म्हणाला. लग्नाला तीन वर्षं झाली होती, पण सासुरवाडीत मोहित 'छान आहे' आणि 'पुरे' यांच्यापलीकडे फारसा जात नसे.

"अन् हा माणूस तर बोलते. थांबा."

राजवाड्याच्या दारात एक मोतद्दार घोडा धरून उभा होता. महादेवरावांनी माउसचा बाण त्याच्यावर नेऊन बटण दाबलं. मोतद्दार कमरेत वाकला. "हुकूम, मालक."

महादेवरावांना एवढी मजा वाटली की त्यांनी पुन्हा दाबलं. "हुकूम, मालक." तिसऱ्यांदा नीट पाहावं म्हणून त्यांनी चष्मा लावला आणि त्यांचा हात माउसवर तसाच राहिला. मोतद्दाराला मोहितचं नाक होतं, मोहितच्या मिशा होत्या, आणि कपाळावर लग्नाच्या दिवशीचं कुंकूसुद्धा होतं.

"छान आहे," मोहित म्हणाला, आणि उठून बूट घालायला गेला.

सासूबाई, म्हणजे गोपिकाबाई, झारा हातात घेऊनच बाहेर आल्या. मोहित एक बूट घालून दुसऱ्याची नाडी सोडवत होता.

"मले भूक नाही, मामीजी. दोनची गाडी पकडतो."

धोंड्याला बोलावलेला जावई उपाशी परत गेला, तर पुढचा अधिक महिना थेट तीन वर्षांनी. तोवर वर्ध्याला श्वेताला ऊठसूट काय काय ऐकावं लागेल, हे गोपिकाबाईंना त्या एका बुटात दिसलं. श्वेता भावाच्या अंगावर धावून गेली.

"त्याले नोकर काहून केलं गा तू?"

"नोकर नाही केलं वं," सुशील रडकुंडीला आला. "मले घोड्याजवळ उभा माणूस पाहिजे होता. तुझ्या अख्ख्या अल्बममध्ये घोड्याजवळ भाऊजीच उभे आहेत. मी काय करू?"

हे खरंच होतं. पण खरं बोलून रुसलेला जावई परत आल्याचं कोणी ऐकलेलं नाही.

"त्याले राजा कर," महादेवराव म्हणाले. "आत्ताच्या आत्ता."

"अन् तुम्ही?"

"मी कुठंबी उभा राहीन."

असं राज्य सोडून ते दारात गेले आणि एका पायात बूट असलेल्या जावयाचा हात धरून त्याला आत घेऊन आले. "पाच मिनिटं, जवाईबापू. पाहा, मंग जा."

सुशीलने खटाखट दोन-तीन फायली इकडच्या तिकडे केल्या. सिंहासनावर मोहित आला. पण आला तो फक्त गळ्यापर्यंत. खालचं शरीर महादेवरावांचं होतं, आणि वडिलांचं पोट सुशीलने फार मन लावून बनवलं होतं.

"हे पोट माहं नाही," मोहित म्हणाला. एवढं स्पष्ट वाक्य त्याने त्या घरात प्रथमच बोललं असावं.

सुशीलने पोट कमी केलं. मोहित म्हणाला, "अजून." पोट गेलं, तर मुकुट कानावर घसरला. "मुकुट वाकडा आहे," मोहित म्हणाला, आणि पायातला बूट काढून त्याने स्टूल जवळ ओढलं.

हे पाहून गोपिकाबाईंना हुरूप आला. त्यांनी ताट वाढलं आणि सरळ कम्प्युटरजवळच आणलं. एकदा पडद्याकडे पाहिलं आणि ताट हातातून सुटता सुटता वाचलं. राजा बदलला होता, राणी तीच होती.

"अवं माय," त्यांनी डोक्यावर पदर ओढला. "मले जवायाच्या मांडीले मांडी लावून बसवलं का रे? काढ मले तिथून."

"राणी काढली तर गेम चालतच नाही, आई."

"मंग श्वेताले बसव. तिचा नवरा आहे नं तो."

श्वेताचा समोरून काढलेला एकच फोटो अल्बममध्ये सापडला, तो पाठवणीचा. सुशीलने तो लावला. राजा सिंहासनावर समाधानाने हसत बसला आणि शेजारी राणी नाक लाल करून ढसाढसा रडायला लागली.

"हे तर अजून वाईट झालं," मोहित म्हणाला. "मी तिले छळून राहिलो असं दिसून राहिलं."

"ओठाले हसू चिकटवू?"

"डोळे रडके अन् तोंड हसरं? भूत दिसन ते."

आता दोघांची डोकी पडद्याजवळ एक झाली होती. महादेवराव मागून नथ मोठी करायला सांगत होते. गोपिकाबाईंनी तेच ताट दुसऱ्यांदा गरम करून आणलं. एकूण, संकट टळलं होतं. श्वेताचा एक हसरा फोटो तेवढा हवा होता.

"श्वेता, ये वं इकडं," सुशीलने हाक मारली. "जरा हास, फोटो काढतो."

उत्तर आलं नाही. श्वेता दारात उभी होती. पायात चपला, खांद्यावर बॅग.

"आता तुले काय झालं?" महादेवरावांनी विचारलं.

"आठ महिन्यांनी आली मी," श्वेता म्हणाली. "सकाळपासून हेच चालू आहे. त्याचं पोट, त्याचा मुकुट, त्याचं ताट. श्वेता जेवली का, असं कोणी विचारलं? मी मघापासून रडून राहिली तिकडं, मोरीजवळ. तुम्हाले कम्प्युटरातली रडलेली दिसली फक्त."

महादेवरावांना रुसलेल्या जावयाची समजूत कशी काढायची हे माहीत होतं. त्यांनी ते स्वतःच्या बाबतीत चाळीस वर्षं पाहिलं होतं. लेक रुसली तर काय करतात, हे मात्र त्यांना खरंच ठाऊक नव्हतं, आणि त्याची त्यांना मनापासून लाज वाटली. त्यांनी जावयाचं ताट उचललं, रांगोळी काढलेल्या पाटासमोर ठेवलं, लेकीच्या खांद्यावरची बॅग काढली आणि तिला पाटावर बसवलं. स्वतः शेजारी फरशीवर बसले. त्यांनी धोंडा फोडून त्यावर तूप ओतलं.

"खाय माय," ते म्हणाले. "चुकलं आमचं."

श्वेताने आधी नाही म्हटलं. मग एक घास घेतला, आणि लहानपणी घ्यायची तसा दुसरा, पहिला गिळायच्या आधीच. गोपिकाबाई पंख्याने वारा घालायला लागल्या. कुलर चालू होता, तरीही. सुशीलने दाराआडून हळूच मोबाइल वर केला.

या सगळ्यात धोंड्याचा जावई जेवायचा राहूनच गेला. चार वाजता मोहित आपणच स्वयंपाकघरात गेला, झाकण उघडून उरलेले दोन धोंडे एका ताटलीत घेतले आणि गार वरणाबरोबर कम्प्युटरजवळच्या स्टुलावर बसून खायला लागला.

"राणीचा नवा फोटो लावला का?" त्याने सुशीलला विचारलं.

"लावला. पण भाऊजी, गाल फुगून आहेत तिचे. तोंडात घास होता. दुसरा काढू?"

मोहितने ताटली खाली ठेवली आणि पडद्याजवळ वाकून पाहिलं.

"राहू दे गा," तो म्हणाला. "अशीच दिसते ती, खुशीत असली की."