उभे बापू

बापू परब घराबाहेर वाकत नाहीत. चपलेचा पट्टा सुटला तर ते तसेच फरफटत घरापर्यंत येतात आणि दार लावून घेतल्यावरच खाली हात नेतात. एकदा मस्कतमध्ये, कुरुमच्या सुपरमार्केटबाहेर त्यांच्या पिशवीतून कांदे गडगडले. भर दुपारी, पार्किंगमध्ये! बापू खांबासारखे ताठ उभे, आणि मी ओढणी सावरत गाड्यांखालून कांदे काढतेय. वर मलाच ओरडतात, "वयनी, वाकां नको! पाठी बघ आधी!"

पाठीमागे एक ओमानी बाई ट्रॉली धरून उभी होती. तिने बिचारीने उरलेले कांदे गोळा करून दिले.

बापू माझ्या नवऱ्याच्या गावाकडचे. हेमंतच्या आणि त्यांच्या गावांमध्ये एक डोंगर, एवढंच अंतर. रुसैलच्या एका पाइपच्या कारखान्यात ते फिटर आहेत, कंपनीच्या खोलीत राहतात आणि शुक्रवारी आमच्याकडे जेवायला येतात. मी पुण्याची. माशाच्या सारात माझा हात अजून बसलेला नाही, हे ते दर शुक्रवारी मला प्रेमाने ऐकवतात आणि तिसऱ्यांदा वाढून घेतात.

न वाकण्यामागचं शास्त्र त्यांनी पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. "उभो माणूस बघलो की वाघ वाट सोडता. वाकलो, बसलो, की तेका वाटता चार पायांचा जनावर. मगे तो इचारणा नाय, तू फिटर की मॅनेजर." वाघ म्हणजे बिबट्या. कोकणात त्याला वाघच म्हणतात.

"पण अंकल," आमची लेक मीरा म्हणाली, "कुरुममध्ये लेपर्ड नाहीयेत. म्हणजे, झिरो."

"आमच्या वाडीतय नव्हते, बाय," बापू म्हणाले.

कारखान्यात आगीची तालीम होते तेव्हा सगळ्या कामगारांना मैदानात बसवून मोजतात. बापू बसत नाहीत. सेफ्टीवाला केरळचा, तो कपाळाला हात लावतो. "यल्ला बापू, सिट डाऊन!" बापू म्हणतात, "नो सिट डाऊन, सर. उभो रवान जळतलंय, चलात." आता तो निमूटपणे आधी बापूंना मोजतो आणि मग बाकीच्या माणसांना.

आम्ही हसायचो. पण भीती ही फार चिकट वस्तू आहे. एके दिवशी गाडीच्या डिकीतून सामान काढताना मी वाकले आणि एकदम मानेमागे गार वाटलं. वळून पाहिलं, तर एसीचं पाणी ठिबकत होतं. पुण्यात वाढलेल्या, शिकलेल्या बाईने मस्कतमध्ये बिबट्याला घाबरावं! मला बापूंचा अस्सा राग आला.

शुक्रवारी संध्याकाळी, आमच्याकडे ऊन असतानाच, बापू अस्वस्थ व्हायला लागतात. कारण तेव्हा तिकडे दिवेलागण झालेली असते. मग ते गॅलरीत उभं राहून थोरल्या भावाला, दादांना, व्हिडिओ कॉल लावतात. त्यांची चौकशी भलतीच. तब्येत नाही, पाऊसपाणी नाही. "भेकर भुकला काय? डुकरां येतत मरे?" वाघाची चाहूल लागली की भेकर, ते छोटं हरीण, भुंकतं. आणि दादांनी डुकरांनी सगळी वरी लोळवली म्हणून रडगाणं लावलं की बापू खुलतात. "बरा झाला! येऊ देत! मारूं नको एक पण!"

भावाचं शेत बुडालं म्हणून आनंदाने गॅलरीत नाचणारा माणूस मी तरी दुसरा पाहिलेला नाही. एका शुक्रवारी मी चिडून विचारलं, "बापू, तुम्ही भाऊ आहात की डुकरांचे वकील?"

तेव्हा ते सोफ्यावर नीट टेकून बसले आणि त्यांनी सगळं सांगितलं. एके काळी दोघे भाऊ पंचक्रोशीतले नावाजलेले शिकारी. दादांची ठासणीची बंदूक, बापूंचा हाकारा, आणि पुढे धावणारी कुत्री. डुक्कर पडलं की वाडीतल्या प्रत्येक घरात वाटा जायचा. मग बिबटे वाढले. आधी त्यांनी कुत्री नेली, अंगणातून, एकेक करून. कुत्र्यांशिवाय पारध कसली? ती बंद पडली. डोंगरावरचे ससे संपले, भेकरं कमी झाली. उरलेली डुकरं जीव वाचवायला खाली उतरली, घरांच्या दिव्यांपाशी. "डुकरां माणसांच्या आसऱ्याक इली, आणि वाघ डुकरांच्या पाठसून." जोवर डुक्कर मिळतंय तोवर वाघ माणसाकडे बघणार नाही, असा बापूंचा हिशेब.

"मग दादांनाही सांगा ना, वाकू नका म्हणून," मी म्हटलं.

बापू म्हणाले, "दादा झाडावरच्या माळ्यावरना पडललो. डुकराची वाट बघी होतो. पाठ मोडली. तो वाकलेलोच चलता, वयनी. जमिनीकडे बघान."

त्या घरात दादा एकटेच असतात. बायको गेली, मूलबाळ नाही. बापूंनी मस्कतला ये म्हणून किती विनवलं, पण दादा म्हणतात, थंय रान नाय, मी काय करू? त्या दिवसापासून मी बापूंना हसले नाही. हसू आलंच नाही.

पुढच्याच शुक्रवारी दादांनी फोन उचलला नाही. बापू लावत राहिले. शेजारच्या घरी लावला, तो तिथल्या सुनेने घेतला. दादा काजूंकडे गेलेले दिसले, अजून परतले नाहीत, आणि मघाशी भेकर ओरडत होतं, असं तिने सांगितलं. तिचा नवरा बॅटरी घेऊन निघाला होता. हेमंत विमानाची तिकिटं बघायला लागला.

बापू गॅलरीतच पूर्वेकडे वळले, हात जोडले आणि मोठ्याने गाऱ्हाणं घालायला लागले. शिकारीला निघण्याआधी त्यांच्या गावात देवाला असं साकडं घालतात. एक जण बोलतो आणि जमलेल्यांनी प्रत्येक मागणीला होकार भरायचा असतो. होकार देणारं कुणी नसेल तर गाऱ्हाणं पुरं होत नाही.

"बा देवा म्हाराजा, तुझो लेकरू परमुलखात रवान तुका हाक मारता."

"व्हय म्हाराजा," हेमंत म्हणाला. मीरा आतून धावत आली.

"तुझ्या रानात जो वाघ फिरता, तेचा पोट भरां दी. डुकर दी, भेकर दी. आमी दोघांनी तेच्या तोंडचा सावज खाल्ला, ती चूक पोटात घाल."

"व्हय म्हाराजा," बापलेक म्हणाले.

"पण माझ्या दादाक..." बापू तिथेच अडले. पुढचं वाक्य येईना. खालच्या रस्त्यावरून गाड्या जात होत्या. मी, जन्मात कधी देवाकडे काही न मागितलेली बाई, म्हटलं, "दादांना घरी आण. व्हय म्हाराजा."

फोन खूप उशिराने वाजला. शेजारणीचा नवरा दादांना हाताला धरून घेऊन आला होता. ते काजूच्या बागेतल्या खोपटात दार लावून बसले होते, बाहेर काहीतरी हुंगत फिरत होतं म्हणून. दादा पडद्यावर आले आणि खेकसले, "एवढे फोन कित्याक? काय झाला काय तुका?"

"काय नाय," बापू म्हणाले. "शुक्रवार मां. सहज केलंय."

त्यानंतरच्या शुक्रवारी त्यांनी सार फक्त एकदाच वाढून घेतलं. ऊन उतरायला लागलं तसे ते न बोलता गॅलरीकडे निघाले. हेमंत, मीरा आणि मी आधीच तिथे जाऊन उभे होतो.