चेहऱ्यावरचे नैसर्गिक भाव

जाहिरात कशी करावी हे या अख्ख्या रस्त्यावर माझ्याइतकं कुणालाच कळत नाही! पासपोर्टचा फोटो काढायला आलेल्या माणसाला मी अख्ख्या कुटुंबाची फ्रेम विकलेली आहे. त्यामुळे तापाची साथ आली, तेव्हा मी छाती पुढे काढून आरोग्यखात्याच्या सिस्टरना सांगितलं, "तपासणीला माझा स्टुडिओ घ्या. माणसं आणायचं माझ्यावर सोडा!"

यात माझा स्वार्थ होता, लपवत कशाला? स्टुडिओच्या वर माझी काकू राहते. तिनं आणि काकांनी मला वाढवलं, स्टुडिओही काकांचाच. काकूला कालपासून खोकला आणि कणकण. डॉक्टर म्हणाले, औषध लगेच सुरू केलं तरच उपयोग, आणि तपासणी झाल्याशिवाय ते देता येत नाही. तपासणी कुठे? शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, दिवसभर रांगेत उभं राहून! काकूचे गुडघे जिना उतरतानाच कुरकुरतात. म्हटलं, ठीक आहे, तपासणीच आणू जिन्याखाली!

"दुपारी गर्दी ओसरली की येते," काकू म्हणाली.

पण ओसरायला गर्दी तर हवी! सकाळपासून आले कोण? लाँड्रीवाला, शाळेच्या मुख्याध्यापिका आणि टायरच्या दुकानातला पैलवान. बाकी सगळे समोरच्या फुटपाथवरून माना उंचावून बघत होते.

सिस्टर माझ्या दिव्यांवर खूश होत्या. "फोटोवाले, इस्पितळातसुद्धा मला नाक इतकं स्वच्छ दिसत नाही!" पण मग घड्याळाकडे बघून म्हणाल्या, "संध्याकाळपर्यंत माणसं आली नाहीत तर उद्यापासून आम्हाला दुसरीकडे पाठवतील हं."

इथेच माझ्यातला कलावंत जागा झाला. जन्मभर मी "जरा हसा, जरा हसा" म्हणून घसा फोडतोय आणि माणसं समोर ठोकळ्यासारखी बसतायत. इथे तपासणीची एक कापसाची काडी नाकात गेली आणि काय ते भाव! भुवया कपाळाच्या वर, डोळे पाणावलेले, तोंडाचा आ! या तिघांचे फोटो मी गुपचूप टिपलेच होते. ते दारापेक्षा मोठे छापले, शोकेसमध्ये लावले आणि खाली ठळक अक्षरांत लिहिलं, 'या! हा अनुभव आपणही घ्या!'

समोरचा फुटपाथ क्षणात रिकामा झाला! एक बाई तर लेकराचे डोळे झाकून पळाल्या.

पाठोपाठ लाँड्रीवाल्याची बायको आली. "माझ्या नवऱ्याला काय केलंत हो तुम्ही?"

"अहो वहिनी, काही नाही. नुसती काडी..."

"काडीनं असं तोंड होतं?"

मागून मुख्याध्यापिका. "हा चेहरा बघितल्यावर आता कोणतं मूल मला घाबरणार आहे?" मागून पैलवान. त्याला म्हणे तालमीतली पोरं विचारत होती, तुला मारलं कुणी? मी हात जोडले, पाय धरायचे तेवढे बाकी ठेवले आणि तिन्ही फोटो टराटरा फाडले. पण आता काय उपयोग? ते फोटो मोबाइलवरून घराघरात पोचले होते.

काकूच्या घरातसुद्धा!

"मी यायची नाही!" जिन्याच्या वरून आवाज आला. "त्या धडधाकट पैलवानाची ही दशा, तर माझं काय होईल?"

"अगं काकू, दुखत नाही! सिस्टर वर येतील."

"वर आलात तर कडी लावीन!" आणि ती खोकायला लागली. कालच्यापेक्षा जास्त. खाली सिस्टर पेटी आवरायला लागल्या होत्या. माझ्या जाहिरातीनं माझ्याच काकूची तपासणी बुडवली होती. छे! असं होऊ द्यायचं नाही!

"थांबा सिस्टर! काकू, तू मास्क लावून जिन्यात ये आणि तिथूनच बघ. आधी मी करून घेतो!"

"म्हणजे तुमची अजून झाली नाही?" सिस्टरनी डोळे मोठे केले.

"मी... व्यवस्थेत होतो ना!"

खरं सांगू? मला इंजेक्शनचं चित्र बघूनसुद्धा घाम फुटतो. तरी स्टुलावर बसलो. दार सताड उघडं होतं आणि फुटपाथवर पुन्हा गर्दी जमली होती. मी हनुवटी वर केली, डोळे घट्ट मिटले, सिस्टरचा हात जवळ आल्यासारखा वाटला आणि...

"आईऽऽ गंऽऽ!"

खटक्! कॅमेरा वाजला.

"अहो," सिस्टर म्हणाल्या, "मी अजून काडी पाकिटातून काढली नाहीये!"

मी डोळे उघडले. काकू जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभी होती आणि तिच्या हातात कॅमेऱ्याच्या लांब वायरीचं बटण होतं. काकांच्या काळात अर्धे फोटो तीच काढायची. मास्कच्या आत हसून हसून तिला ठसका लागला होता. फुटपाथवर तर हशा नुसता उसळला होता.

मग खरी काडी आली. जरासं हुळहुळलं, डोळ्यांत पाणी आलं, संपलंसुद्धा!

"एवढंच?" काकू म्हणाली. "मेल्या, एवढ्यासाठी मला घाबरवलंस? हो बाजूला. सिस्टर, घ्या माझं नाक. आणि याला कॅमेऱ्याजवळ फिरकू देऊ नका!"

जाताना तिनं माझा तो फोटो दारापेक्षा मोठा छापायला लावला आणि शोकेसमध्ये टांगायला लावला. लोक बघायचे, हसायचे आणि "हा वाचला, मग आपल्याला काय होतंय!" म्हणत आत यायचे. दिवे लागायची वेळ झाली तेव्हा रांग बेकरीच्या पुढे गेली होती. काकूला त्याच तापानं गाठलं होतं खरं, पण औषध वेळेत सुरू झालं. आता ती ठणठणीत आहे आणि मला पहिल्यासारखीच ओरडते. तपासणी अजूनही माझ्याच स्टुडिओत होते.

धंदाही वाढलाय. कालच एक गृहस्थ आले, शोकेसमधल्या माझ्या फोटोसमोर बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "वा! काय नैसर्गिक भाव टिपलेत! आम्हाला घरातल्या सगळ्यांचा फोटो काढायचाय."

मी छाती पुढे काढली. "या ना, बसा!"

"नाही, तुम्ही नको," ते म्हणाले. "काकू आहेत का?"