नुसतं पेनानं गिरवायचं होतं

एकतीस वर्षं मी इंग्रजी शिकवलं. चामोर्शीकडच्या आमच्या गावात अर्ज कुठलाही असो, पीकविम्याचा असो की पासपोर्टचा, तो आधी माझ्या ओसरीवर येतो आणि मग साहेबाच्या टेबलावर जातो. वामन गुरुजींच्या हाताखालून गेलेला कागद परत आला, असं या वैशाखापर्यंत एकदाही झालं नव्हतं. तेव्हा पुढचं जरा सांभाळून ऐका, कारण ऐकून झाल्यावर तुम्हीच विचाराल की या माणसाला पेन्शन कशाबद्दल मिळते!

रुखमाबाई आमच्या मागच्या गल्लीत राहते. दोन एकर धान, नवरा वारलेला, अंगकाठी शेवग्याच्या शेंगेसारखी. आठ वर्षांपूर्वी कापणीच्या वेळी तिला तिच्या बांधीत, म्हणजे धानाच्या वाफ्यात, एकच रोप वेगळं दिसलं. दाणा बारीक, लोंब भरगच्च. दुसऱ्या कोणी ते बाकीच्या धानात कापून टाकलं असतं. तिनं ती लोंब पदराला बांधून घरी आणली, मडक्यात जपली, पुढच्या वर्षी वेगळी पेरली. असं आठ वर्षं चाललं. आज अर्धं गाव तिचंच धान रोवतं, आणि तो भात शिजला की वास तीन घरं ओलांडून जातो. मी स्वतः वरण न घेता खातो.

पण चामोर्शीच्या बाजारात एक व्यापारी हाच तांदूळ पोत्यावर आपल्या पोराचं नाव छापून विकायला लागला. मग आमच्या कृषी सहायक मंजुषा मॅडमनं शोधून काढलं की शेतकऱ्यानं तयार केलेल्या वाणाची नोंद त्याच्या स्वतःच्या नावानं होऊ शकते. शेवटची तारीख महिनाअखेर. त्यांनी फॉर्म आणला, शेजारी बसून सगळा पेन्सिलीनं भरला, आणि दुसऱ्या गावच्या मीटिंगला निघून गेल्या. रुखमाबाई फॉर्म घेऊन माझ्याकडे आली.

"गुर्जी, बाईनं सारं लिवून देल्लं हाय. तुमी नुसतं पेनानं गिरवून द्या. माहा हात थरथरते."

"नुसतं गिरवायचं?"

"हो जी. नुसतं."

एकतीस वर्षं लाल पेन चालवलेल्या माणसाला नुसतं गिरवायला सांगणं म्हणजे हलवायाला नुसती कढई पुसायला सांगणं. तरी पाच रकाने मी निमूटपणे गिरवले. सहाव्यावर माझं पेन थांबलं. दाण्याचा प्रकार, आणि पुढे लिहिलं होतं: मीडियम स्लेंडर.

"गुलाब, हे पाह्य," मी बायकोला हाक मारली. ती चिंचेतले चिंचोके काढत बसली होती. "मीडियम म्हणजे मधला. आमच्या शाळेत मीडियम म्हणजे तिसऱ्या बाकावरचा, नापासही होत नाही आणि लक्षातही राहत नाही. आठ वर्षांच्या मेहनतीला मीडियम?"

"अन् दुसरा शब्द?"

"स्लेंडर बाईच्या कमरेला म्हणतात. फार तर वेलीला. तांदूळ काय नाटकात काम करून राह्यला?"

"ते बाई कृषीचं शिकून आली हाय. काही पाहूनच लिवलं असन तिनं."

"कृषीचं शिकली. इंग्रजीचं नाही."

गुलाबनं चिंचोका टोपलीत जरा जोरातच टाकला. त्या आवाजाचा अर्थ मला तेहतीस वर्षांत वेळेवर कधीच कळलेला नाही.

मी डिक्शनरी काढली. स्लिम? तो लग्नाच्या बायोडाटात झिजून गेलेला. स्किनी? ती जवळजवळ शिवीच. लीन मटणाला लावतात. मग सापडला एक शब्द, लांबीला एकटाच बाकी सगळ्यांना भारी: इमॅशिएटेड. अर्थ दिला होता, अत्यंत बारीक झालेला. पुढे आणखी काहीतरी बारीक अक्षरांत होतं, पण जवळचा चष्मा आतल्या खोलीत राहिला होता. माझा अनुभव असा की अर्जातला शब्द साहेबाला समजला नाही, तर साहेब जपून वागतो. मी पेन्सिल खोडली आणि झोकदार अक्षरात लिहिलं, एक्स्ट्रीमली इमॅशिएटेड. रुखमाबाईनं मराठीत सही केली आणि मी स्वतः जाऊन फॉर्म पोस्टात टाकला. त्या दिवशी मी दुपारी झोपलोही छान.

दहा दिवसांनी मंजुषा मॅडमची स्कूटी ग्रामपंचायतीपुढे थांबली. तोंड उतरलेलं.

"संशोधन केंद्राचे साहेब गुरुवारी येऊन राह्यले. तोवर रुखमाबाईच्या धानाचं बियाणं कोणी घ्यायचं नाही, कोणी द्यायचं नाही."

"काऊन?" पत्रूनं विचारलं. पत्रू म्हणजे माझा शेजारी. ज्या गोष्टीशी त्याचा संबंध नसतो तिथे तो सर्वांत पुढे असतो. इथे तर त्यानं बियाणं नेलेलं.

"धानाले रोग असल्याची शंका हाय म्हणते. फॉर्मवर काही लिवलं हाय, मीबी पाह्यलं नाई. मले फोनवर तो शब्द सांगतला."

पंचायतीतल्या ऑपरेटरनं तो शब्द मोबाइलमध्ये टाकला आणि मोठ्यानं वाचला, "उपासमारीनं किंवा दुखण्यानं खंगलेला." मी तिथेच दाराशी उभा होतो. त्या चष्म्यावाचून राहिलेल्या बारीक अक्षरांत काय होतं ते मला त्या क्षणी कळलं, आणि मी काही न बोलता घरी निघून आलो. हे सांगायलाही लाज वाटते, पण आलो.

संध्याकाळपर्यंत पत्रूनं गावभर सांगितलं, "रुखमाबाईच्या धानाले टीबी झाला." सकाळी त्याला स्वतःलाच खोकला आला. तो बिडीचा खोकला गावाला वीस वर्षं ओळखीचा, पण आता लोक त्याच्यापासून हातभर लांब बसायला लागले. ज्यांनी बियाणं नेलं होतं, ते एकेक करून थैल्या रुखमाबाईच्या आंगणात आणून ठेवू लागले. आणि चामोर्शीच्या त्या व्यापाऱ्यानं पोत्यावरचं पोराचं नाव एका दिवसात खोडलं आणि खडूनं मोठं लिहिलं: रुखमाबाईचा तांदूळ. इतके दिवस मागूनही मिळालं नव्हतं ते नाव असं मिळालं!

मी बुधवारी तिच्याकडे गेलो. थैल्यांच्या मधोमध ती बसली होती. चूल थंड.

"आठ वरसं लेकरावानी सांभाळलं, गुर्जी," ती म्हणाली. "कोनाले खोकला नाई आला. आता नाव तं नाईच, धानबी चाल्लं."

सांगायचं म्हणून तोंड उघडलं, आणि पाणी मागितलं. तिनं तशातही उठून गडव्यातून पाणी दिलं.

गुरुवारी गावातल्या बुद्धविहाराच्या आंगणात सतरंजी टाकली. केंद्राचे साहेब तोंडाला मास्क लावून उतरले, हातात मोजे. अख्खं गाव लांब बसलेलं. साहेबांनी फॉर्म उघडला.

"एक्स्ट्रीमली इमॅशिएटेड. मी वीस वर्षं धानात काम करतो, असा दाणा कोणी लिहून दिला नाही. हे कोणी लिहिलं?"

मंजुषा मॅडमनं अक्षर पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. रुखमाबाईनंही पाहिलं. तिला इंग्रजी वाचता येत नाही, पण माझा चेहरा वाचता येतो.

"माहा फॉर्म हाय जी," ती म्हणाली. "मीच लिवलं."

साहेबांनी तिची वेडीवाकडी मराठी सही पाहिली आणि ते झोकदार इंग्रजी पाहिलं. आता मात्र माझ्याच्यानं बसवेना. एकतीस वर्षं मी पोरांना उभं करत आलो, त्या दिवशी स्वतः उभा राहिलो.

"साहेब, मी लिवलं. म्याडमनं मीडियम स्लेंडर लिवलं होतं. मले वाटलं, स्लेंडर बाईले म्हणतात."

"बाईलाही म्हणतात," साहेब म्हणाले. "धानात तो मापाचा शब्द आहे, गुरुजी. सोललेला दाणा सहा मिलिमीटरच्या आत, आणि लांबी रुंदीच्या अडीच ते तीन पट. तो मीडियम स्लेंडर. बसतो का ते मोजावं लागेल." त्यांनी पिशवीतून माप काढलं.

"मापाले हे नाई चालत का जी?" रुखमाबाईनं विचारलं, आणि कमरेला खोचलेली बांबूची कामटी काढली. तिच्यावर दोन खाचा होत्या. तिनं नखानं धान सोललं, दहा दाणे नाकाला शेपटी लावून कामटीवर मांडले. बरोबर पहिल्या खाचेपर्यंत आले. मग तेच दहा आडवे, अंगाला अंग लावून. दुसऱ्या खाचेपर्यंत.

"दर साली असंच पाह्यतो. ज्या लोंबीचा दाना खाचेत बसन, तेच बियाले. बाकी खायाले."

साहेबांनी कामटीला पट्टी लावली. चोपन्न मिलिमीटर आणि वीस मिलिमीटर. आकडेमोड त्यांनी तोंडानंच केली, आणि मास्क खाली ओढला.

"आमच्या प्रयोगशाळेत हेच करतात, बाई. दहा लांबीनं, दहा रुंदीनं. तुम्हाला कोणी शिकवलं?"

"कोन शिकवन? एक दाना मोजला तं नजर फसते. दहा मोजले तं नाई फसत."

मी सतरंजीच्या कडेला खाली बसलो. स्लेंडर म्हणजे बारीक, पण भरलेला. पातळ, पण ताठ. त्यात तक्रार नसते, कौतुक असतं. हे मी एकतीस वर्षं फळ्यावर लिहीत आलो, आणि ज्या बाईला तो शब्द शोभला असता, तिच्या दाण्यावरून मी तो खोडला होता.

मग भात शिजला. साहेबांनी तीनदा घेतला. पत्रू न खोकता चारदा जेवला, आणि जाताना आपली थैली घेऊन गेला. बाकीच्या थैल्याही दिवस मावळायच्या आत उठल्या.

तारखेला तीन दिवस होते. मंजुषा मॅडमनं तिथेच नवा फॉर्म काढला आणि या वेळी सरळ पेनानं भरला. वाणाच्या नावाचा रकाना आला. रुखमाबाईनं थोडा विचार केला.

"रुखमा लिवा. दुसऱ्या कोनाचं नोका लिवू."

मी हळूच हात पुढे केला. "एकदा नुसती नजर टाकू का?"

रुखमाबाईनं फॉर्म घडी करून पदराखाली घेतला. "मानूस म्हणून गुर्जी चांगलेच हायेत, बाई," ती मॅडमला म्हणाली. "पन शिकलेले हायेत न."

पाकीट चिकटवायचं काम तेवढं मला दिलं. मी डिंक लावून नीट दाबलं. मग त्या दोघींनी ते उघडतं का, म्हणून एकेकदा ओढून पाहिलं.